वीस मिनिटांचं पाणी

एप्रिल लागला की माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच्या निळ्या खुणा एकमेकींपासून लांब जायला लागतात. थंडीत त्या जरा जवळजवळ असतात. मे उजाडेपर्यंत दोघींच्या मधे इतकी रिकामी घरं पडतात की कॅलेंडरकडे बघूनच घसा कोरडा व्हावा. निळी खूण म्हणजे आमचा पाण्याचा दिवस.

चिनू, निषाद, तुमच्याकडे नेदरलँड्समध्ये नळ फिरवला की पाणी येतं, म्हणून तुम्हाला हे सांगावं लागतं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. मधे काही दिवस जातात, मग एका सकाळी तासाभरापुरतं ते येतं. त्या सकाळी आमच्या कॉलनीत कुणी डॉक्टरकडे जात नाही, बँकेत जात नाही, गावाला तर अजिबातच जात नाही. सगळे आपापल्या अंगणातल्या हौदाशी उभे असतात आणि पाइपाला कान लावलेले असतात. समोरच्या भिंतीवरून रझियाभाभी विचारतात, "काकू, आया क्या?"

"अभी नहीं."

"मेरे को तो आवाज आई पाइप में."

"ती हवा आहे, भाभी."

"हवाच पिओ फिर," असं म्हणून त्या बादली आपटतात.

दर वर्षी याच दिवसांत, अशाच एखाद्या सकाळी, मला ते बेट आठवतं. आणि वैतागच येतो. समुद्राच्या मधोमध उभ्या राहिलेल्या त्या डोंगरी बेटावर माणसाने ढग आठवावेत, कडे आठवावेत, काळ्या खडकावर फुटणारी लाट आठवावी. इतका खर्च करून, इतकी विमानं बदलून गेल्यावर निदान तेवढं तरी आठवावं. मला आठवते ती बटाट्याची एक कोरडी सरी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, या सुट्टीत आम्ही तिकडे येत नाही, तूच इकडे ये. आपण सगळे मिळून मदेराला जाऊ. ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे. डोंगर, समुद्र, ट्रेकिंग, सगळं एकाच ठिकाणी."

"मंदार, मी त्र्याहत्तर वर्षांची आहे."

"अगं, सोप्या वाटा आहेत. एकदम सपाट. पाण्याच्या कडेकडेने."

पाण्याच्या कडेकडेने म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बाकं आली, दिव्यांचे खांब आले, भुट्टेवाला आला. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देत काढलेली मी बाई. माहिती पुरती तपासल्याशिवाय होकार द्यायचा नाही हे मला कळायला हवं होतं. पण त्याने शेवटी म्हटलं, "मुलांना तू हवी आहेस," आणि मी क्रमांक न बघताच पुस्तक घेतलं.

मग तयारी. इथल्या बाजारात, औरंगपुऱ्यात, बूट घ्यायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "काकू, कुठं चाललात? केदारनाथला का?"

"बेटावर. डोंगर चढायला."

"बेटावर डोंगर?" त्याने हातातला बूट खाली ठेवला. "आवो, बेटावर चप्पल लई झाली. वाळूत बूट कशाला घालता?"

त्याला ज्वालामुखी समजावून सांगण्यात माझी दहा मिनिटं गेली. ते बूट तुमच्या बाबांनी विमानतळावरच पाहिले आणि म्हणाले, "आई, हे चालणार नाहीत." दुसरे आणून ठेवलेलेच होते. तेव्हाच मला जरा समजायला हवं होतं की या सहलीत माझ्याबद्दलचं बरंच काही आधीच ठरवून ठेवलेलं आहे.

बेटावर विमान उतरताना वारा इतका होता की वैमानिकाने एकदा खाली आणलेलं विमान पुन्हा वर उचललं. खाली समुद्र, समोर डोंगर, आणि मधे खांबांवर उभी केलेली धावपट्टी. चिकलठाण्याच्या आपल्या शहाण्या, सपाट विमानतळाची मला फार आठवण झाली. निषाद टाळ्या वाजवत होता. मंदार माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, ठीक आहेस ना?"

हा प्रश्न मी त्या दिवशी मोजायला घेतला. पायऱ्यांपाशी, गाडीत चढताना, गाडीतून उतरताना, जेवल्यावर, खोकल्यावर. संध्याकाळी मोजणं सोडून दिलं, कारण त्याचाच थकवा येत होता.

आपण उतरलो होतो ते दगडी घर तुम्हाला आठवत असेल. खिडकीखाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यात केळी, आणि एका कोपऱ्यात चक्क ऊस. पहिल्या सकाळी केतकी चहाला पातेलं शोधत होती. एका पातेल्यात पाणी होतं. दुसऱ्यातही. किटलीत, दोन मोठ्या वाडग्यांत, कुंडीसारख्या दिसणाऱ्या एका भांड्यातसुद्धा.

"आई, सगळ्या भांड्यांत पाणी का भरून ठेवलंय?" तुमच्या आईने अगदी हळू आवाजात विचारलं.

आता काय सांगणार? परक्या घरात शिरले, नळ सोडला, पाणी आलं आणि हातांनी त्यांचं काम केलं. मला विचारलंसुद्धा नाही. मंदारने केतकीकडे बघितलं. नवरा-बायको एकमेकांकडे तसं बघतात तेव्हा तिसऱ्या माणसाने खिडकीबाहेर बघायचं असतं. मी ऊस बघितला.

त्या दुपारी चिनूने मला सगळं सांगून टाकलं. तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, चिनू, आणि एखादी गोष्ट पोटात ठेवणं तुला तेव्हाही जमत नव्हतं. "आजी, बाबांच्या फोनमध्ये तुझी लिस्ट आहे."

"कसली?"

"तू काय काय करतेस त्याची. नंबर वन, आजीने सगळ्या पॉट्समध्ये वॉटर भरलं. नंबर टू, सेम गोष्ट दोनदा विचारली. ते ठरवणार आहेत की तू इंडियात एकटी राहू शकतेस की नाही. घर सेल करायचं म्हणतात. मी तुला सांगितलं असं सांगू नको हं."

म्हणजे ही सहल नव्हतीच, परीक्षा होती. मला न सांगता, पेपर न दाखवता, वर्गात बसवलेली. आयुष्यभर मी जगाची यादी केली, आणि माझ्याच मुलाने त्याच्या यादीत मला टाकलं. राग आलाच. पण रागाखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते मला जास्त नकोसं होतं. मला भीती वाटली. कारण ते घर, तो हौद, भिंतीपलीकडची रझियाभाभी, कॅलेंडरवरची निळी खूण, एवढ्याच गोष्टी माझ्या हातात राहिल्या आहेत. तुमचे आजोबा गेल्यापासून मी सकाळी कुणासाठी उठते असं कुणी विचारलं, तर मी पाण्यासाठी उठते असं खरं उत्तर आहे.

दुसऱ्या दिवशी त्या सपाट वाटेवर गेलो. तिला तिथे लेवादा म्हणतात. फलकावर चार भाषांत माहिती होती. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी कडे फोडून, दोरांना लोंबकळत, डोंगराच्या कुशीतून पाण्याचे मार्ग कोरले. पाऊस पडणाऱ्या बाजूचं पाणी कोरड्या बाजूच्या शेतांना नेलं. मी फलक पूर्ण वाचला, शेवटची ओळसुद्धा. पाण्याच्या दारांना हात लावू नये, असं तिथे लिहिलेलं होतं. मग वाटेवर आले, आणि बघते तर काय? पाट! गुडघाभर खोल, हातभर रुंद, वाहत्या पाण्याचा पाट, आणि त्याच्या काठावरून आपण चालायचं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दरी.

मी थांबले. "मंदार, हा पाट आहे."

"हो आई. सुंदर आहे ना?"

सुंदर! लग्न झाल्यावरची पहिली तीन वर्षं मी गंगापूरला होते, तुमच्या आजोबांच्या घरच्या शेतीवर. मी इंग्रजी साहित्य शिकलेली मुलगी, आणि कालव्याचं पाणी आलं की शेतात दारं धरायला जायचे. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की मातीने तिचं तोंड बुजवायचं आणि पुढचीचं उघडायचं. चिखलात उभं राहून, तासन् तास. तुमच्या पणजोबांनी, माझ्या मामंजींनी, पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "सूनबाई, इंग्रजी झालं आसंल तर आता पाणी शिका. आन् डोळ्यानं नगा बघू. पायाला कळतंय पाणी, डोळ्याला नाय कळत." त्या चिखलातून सुटका व्हावी म्हणून मी ग्रंथपालाची परीक्षा दिली, शहरात नोकरी घेतली, आजोबांना ओढत शहरात आणलं. आणि पन्नास वर्षांनंतर माझ्या मुलाने तीन विमानं बदलून मला परत पाटाच्या बांधावर आणून उभं केलं, वर पायांत महागडे बूट घालून. हे बघायला जगभरातून लोक येतात म्हणे.

पण चालले. धुकं होतं, दगडांवर शेवाळ होतं, झाडांच्या फांद्यांवरून पाणी ठिबकत होतं. निषाद दर वळणावर विचारत होता, "व्होल्कॅनो कुठे आहे?" त्याला सांगितलं की तो कधीच निजला, आपण त्याच्याच अंगावरून चालतोय. "म्हणजे फेक आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, आपल्या घराखालची जमीनही अशीच लाव्ह्याची आहे. वेरूळची लेणी त्याच खडकात कोरली आहेत."

"मग आपण इथे का आलो?"

इतका सरळ प्रश्न त्या सहलीत दुसऱ्या कुणी विचारला नाही.

पुढे एका वळणावर पाटाच्या भिंतीला खालच्या बाजूने एक भोक होतं, आणि त्यातून बदाबदा पाणी दरीकडे चाललं होतं. बाजूला एक चपटा दगड पडलेला, त्याच्याजवळ चिंधीचा बोळा. मी फलक वाचला होता. पण ज्या हातांनी पातेली भरली, तेच हात होते ते. गंगापुरात पाट फुटला अशी आरोळी आली की जेवतं माणूस ताट सोडून धावायचं. मी खाली बसले, बोळा भोकात कोंबला, त्यावर दगड बसवला, कडेची माती आणि शेवाळ दाबून तो घट्ट केला. एक थेंब गळेना. निषाद म्हणाला, "आजी फिक्स्ड इट!" मंदार पुढे होता, त्याने पाहिलं नाही. हात धुतले आणि मी पुढे चालू लागले. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

पुढे बोगदा होता. त्याच्या तोंडाशी बसून तुम्ही ते रबरासारखे बार खाल्लेत. मी माझ्या स्टीलच्या डब्यातून शेंगदाणा-गुळाचा लाडू खाल्ला. मग आलो त्याच वाटेने मागे फिरलो. त्या वळणावर एक म्हातारा उभा होता. लोकरीची टोपी, खांद्यावर खोरं, आणि चेहरा असा की मला सासरचा एखादा चुलत दीरच भेटल्यासारखा वाटला. पाण्यावरून भांडायला आलेल्या माणसाचा चेहरा सगळीकडे सारखाच असतो. दगड त्याने काढला होता. पाणी पुन्हा खाली चाललं होतं.

"माझं पाणी कुणी बंद केलं?" त्याने इंग्रजीत विचारलं. तरुणपणी तो दक्षिण आफ्रिकेत कामाला होता, हे नंतर कळलं. त्याचं नाव मनुएल.

मला एका क्षणात सगळं समजलं. भोक फुटलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. ते खालच्या, याच्या बटाट्याच्या शेताचं दार होतं आणि ही याची पाण्याची पाळी होती. मी त्याचं पाणी तोडलं होतं. तुम्हाला हे किती वाईट ते कळणार नाही. आमच्याकडे यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला गेलेले नाहीत.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात निषाद म्हणाला, "आजीने फिक्स केलं." आणि मंदार पुढे आला. फार सभ्यपणे, हळू आवाजात, तो त्या माणसाला म्हणाला, "माफ करा. माझी आई आहे. वय झालंय. हल्ली ती जरा गोंधळते."

इंग्रजीत म्हणाला. मला समजणार नाही अशा सुरात. त्याला ते इंग्रजी शिकवलं कुणी?

"मी गोंधळले नाही," मी मनुएलला म्हटलं. "मी चुकले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

म्हाताऱ्याने टोपी मागे सरकवली. मग त्याने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "चुकलात तर चुकलात. माझी वीस मिनिटं गेली. अकरापर्यंत माझं पाणी. अकरानंतर ग्रासाचं."

"ग्रासा थोडं सोडणार नाही?"

"ग्रासा?" तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "ती नवऱ्यालासुद्धा सोडत नव्हती."

"तुमचं पुढचं पाणी कधी?"

"पंधरा दिवसांनी."

आमच्या शिवारात एक नेम होता. चुकून कुणाचं पाणी तोडलं, तर ज्याचं गेलं त्याने मागायला जायचं नाही. ज्याने तोडलं त्याने जायचं. पुढच्या पाळीवाल्याकडे, स्वतः, हातात गुळाचा खडा घेऊन, आणि दुसऱ्याच्या वतीने वेळ मागायची. मामंजी एकदा असे गेले होते, स्वतः पंचायतीतले पंच असून. परत आले तेव्हा म्हणाले होते, "मागताना लाज वाटती. वाटाय पायजे."

"ग्रासा कुठे राहते?" मी विचारलं. मनुएलने खाली दाखवलं. खूप खाली, शेतांच्या मधे एक लाल छप्पर, आणि तिथवर काळ्या दगडांत खोदलेल्या उंच उंच पायऱ्या. कठडा नाही.

"आई, नको," मंदार म्हणाला. "तुझा गुडघा."

"गुडघा माझा आहे."

"आपण त्यांना काहीतरी पैसे देऊ ना."

"पैशांनी बटाट्याला पाणी मिळतं का?"

मनुएल पुढे उतरत होता. त्याने माझा हात धरला नाही. जिथे पायरी फार उंच होती, तिथे फक्त खोऱ्याचा दांडा मागे धरायचा आणि थांबायचा. मी दांडा पकडून उतरायचे. ठीक आहात का, असं त्याने एकदाही विचारलं नाही. त्या सबंध बेटावर मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

ग्रासा तिच्या दाराशी घड्याळ बघत उभी होती. माझ्याच वयाची, कमरेला एप्रन, हातांची घडी. मनुएल तिच्याशी दोन वाक्यं बोलला आणि बाजूला झाला. "आता तुम्ही मागा," तो मला म्हणाला. मी डबा उघडून पुढे धरला. तीन लाडू उरले होते. तिने एक उचलला, वास घेतला, चावला, बराच वेळ चघळला. मग काहीतरी बोलली.

"ती विचारतेय," मनुएल म्हणाला, "तुमच्याकडे कुणी पाणी तोडलं तर काय करतात?"

"आधी भांडतो. मग मागायला जातो."

त्याने सांगितलं. ती हसली नाही, पण हातांची घडी सुटली. तिने दहा बोटं दाखवली. मी दोनदा दहा दाखवली. तिने मान हलवली आणि पंधरा दाखवली. मग डबा माझ्या हातातून काढून घेतला, झाकण लावलं आणि एप्रनच्या खिशात घातला. लग्नात आलेला तो डबा, माझं नाव कोरलेला. आजही तिथेच आहे. कुणाचं नाव आहे हे, असं तिथे कुणी विचारत असेल तर ग्रासा काय सांगते कोण जाणे.

पंधरा मिनिटांत वीस मिनिटांचं काम करायचं होतं. मनुएल वाटेतल्या आपल्या शेतात जाऊन एकेक सरी भरायला लागला. मला राहवेना. बूट काढले, मोजे काढले, साडी खोचली आणि पाण्यात उतरले. इतकं गार पाणी की घोट्यापर्यंत हाडं दुखली. मी त्याला दोन सऱ्या एकदम उघडायला लावल्या. पाण्याचा जोर किती पुरतो ते पाय सांगत होता. पुढची दोन दारं माझ्या पायाकडे बघून त्याने उघडली. वर पाटाच्या काठावर मंदार उभा होता, हातात फोन, आणि पहिल्यांदाच त्या फोनमध्ये तो काही लिहीत नव्हता. चिनू खाली उतरून आली आणि म्हणाली, "आजी, यू आर सो मडी!"

ग्रासाने हात वर केला. वेळ संपली. शेवटची एक सरी कोरडीच राहिली.

मनुएलने तिच्याकडे बघून खांदे उडवले. माझ्याशी हात मिळवला, चिखलाचा चिखलाला. आभार मानले नाहीत, आणि मानायचं काही कारणही नव्हतं. माझ्यामुळेच तर सगळं झालं होतं.

याची गोड सांगता झाली असं समजू नका. दुसऱ्या दिवशी माझा गुडघा नारळाएवढा सुजला. बेटावरच्या सगळ्यात उंच डोंगरावर जायचं होतं, ढगांच्या वर. तेवढ्यासाठीच तर ती सहल आखली होती. ते राहिलं. निषाद सबंध सकाळ माझ्याशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हा म्हणाला, "त्या आजोबांच्या पोटॅटोंसाठी तू माझा माउंटन घालवलास." खरंच होतं ते. निषाद, त्याची माफी मी तेव्हा मागितली नाही, कारण मी वैतागलेली होते. आत्ता मागते.

डोंगराऐवजी समुद्रावर गेलो. लाव्हा थेट समुद्रात उतरून गोठला होता आणि त्याच्या काळ्या कातळात आपोआप तळी तयार झाली होती. बाहेर लाट आपटायची, पांढरी होऊन आत सांडायची, आणि आत पाणी एखाद्या हौदासारखं शांत. तुम्ही दोघं आणि केतकी पाण्यात होता. मी सुजलेला पाय पाण्यात सोडून बसले होते. मंदार शेजारी येऊन बसला.

"आई, तिकडचं घर काढून टाकू या का? आमच्याकडे ये. नाहीतर पुण्यात ज्येष्ठांसाठी चांगल्या सोसायट्या आहेत. चोवीस तास पाणी असतं."

"तुझ्या यादीत काल काय लिहिलंस?"

त्याचे कान लाल झाले. लहानपणी तो खोटं बोलला की व्हायचे, तसेच. "चिनूने सांगितलं?"

"काय लिहिलंस ते वाच."

त्याने फोन काढला. "मनाई असताना पाटाचं दार बंद केलं. अनोळखी माणसाबरोबर दरीत उतरली."

"आणि चूक झाली ते स्वतः सांगितलं, निस्तरायला गेली, हे लिहिलंस?"

त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला.

"ते लिही. नाहीतर तुझी यादी अर्धवट आहे, आणि अर्धवट यादी मला चालत नाही." मग मी जे म्हटलं ते मला ठरवून सुचलेलं नव्हतं. "हे बघ. माणूस चुकतो म्हणून त्याला घरातून उचलून नेत नाहीत. ज्या दिवशी मी चुकेन आणि चूक माझी आहे हे मला कळणार नाही, त्या दिवशी तिकीट काढ. मी वाद न घालता येईन. तोवर माझी प्रत्येक चूक मी स्वतः तुला कळवीन."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. आणि एखादी लपवली असं कधी आढळलं, तर विचारूही नकोस. सरळ घेऊन जा."

एक मोठी लाट आली आणि आम्ही दोघंही भिजलो. "ठीक आहेस ना?" त्याने विचारलं, आणि मग स्वतःच डोक्याला हात लावला.

त्याला आता दोन वर्षं झाली. करार मी पाळला आहे. दोनदा किल्ली आत विसरले, एकदा दुधाचं पातेलं जाळलं, एकदा रात्रीची गोळी दुपारीच घेतली. सगळं त्याच दिवशी कळवलं. मंदार "बरं" एवढंच म्हणतो. कधी कधी त्याच्या "बरं"च्या आधी जरा जास्त वेळ जातो.

हे सगळं आज लिहून पाठवण्याचं कारण आता सांगते. आज निळी खूण होती. पाणी आलं, मी हौदाचा नळ सोडला. आमच्या गल्लीत पाइपाच्या शेवटी रझियाभाभींचं घर आहे. आपला हौद भरला की नळ बंद करायचा असतो, तेव्हाच त्यांच्याकडे पाणी जोराने जातं. मी आत येऊन बसले. डोक्यात ते बेट होतं. वही काढून पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली, आणि लिहीत गेले. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त टोचतं. हौद भरून वाहिला, पाणी गटारात गेलं. मी नळ बंद करेपर्यंत पाण्याची वेळ संपली.

घरात लाडू होते. प्लास्टिकच्या डब्यात घातले, कारण स्टीलचा कुठे आहे तुम्हाला माहीत आहे, आणि भाभींच्या दारात गेले. "भाभी, मी तुमचं पाणी वाया घालवलं. माझं लक्ष नव्हतं."

"मालूम है," त्या म्हणाल्या. "गल्ली में नदी बह रही थी. दो बार आवाज दी तुमको, सुना नहीं तुमने."

"नाही ऐकलं."

त्यांनी डबा घेतला, माझ्याकडे एकदा नीट बघितलं. "आधा हौज मेरे को दे दो, और अंदर आओ. ऐसे दरवाजे में मुँह लटकाके खड़े मत रहो. चाय पिओ." मोटर लावून अर्धा हौद त्यांच्याकडे सोडला. या वेळी कुणाची सरी कोरडी राहिली नाही. माझी बाग मात्र पुढच्या खुणेपर्यंत वाट बघेल.

मंदार, हे तू मुलांना वाचून दाखवत असशील. इथे आवाज खाली आणू नकोस, आणि केतकीकडे बघू नकोस. ठरल्याप्रमाणे कळवते: आज चूक झाली, आणि ती माझी होती. भाभींनी सांगितलं म्हणून कळली की आधीच कळली होती, हे मी स्वतःला तीनदा विचारलं. आधीच कळली होती. वही ठेवून अनवाणी अंगणात उतरले, आणि पायाला पाणी लागलं.

पुढची निळी खूण मंगळवारी आहे. त्या सकाळी फोन करू नका. मी उचलणार नाही.